पाच जणांचे खेळ

४ नोव्हें., मंगळ.
माधुरीचा फोन. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी आमच्याकडं जमायचं, पहिल्यासारखं. वैशाली ‘येते’ म्हणाली म्हणे. मी दोनदा विचारलं, वैशालीच ना? माधुरी ओरडली, "व्हय की! तू खेळ ठरव फक्त."
खेळ ठरवणं माझंच काम. पण तेव्हा तीन जोडपी होतो. आता माणसं पाच.

५ नोव्हें.
कागदावर लिहितेय, खोडतेय. दमशेराज नको, त्यात दिलीपच सगळ्यांना हसवायचा. अंताक्षरी नको, वैशालीला गा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू. तांबोला, बदाम सात बरे. ज्याचा तो खेळतो.
खरं लिहिते. वैशाली आणि हे समोरासमोर यायला नकोत. मार्चमध्ये बिद्रीहून येताना गाडी हे चालवत होते. दिलीप शेजारी. यांचा हात मोडला आणि तिचा नवरा जागेवरच…
तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

७ नोव्हें., शुक्र.
जेवताना यांना सांगितलं. घास तसाच हातात. "मी रविवारी वडगावला जातो मामाकडं."
पळताय होय, म्हटलं.
"पळत न्हाय. मी असलो की ती हसायची न्हाय."
माधुरीला कळवलं. तिनं तिकडं सांगितलं असणार. तासाभरात वैशालीचा मेसेज: ‘भावजी नसतील तर मी येत नाही.’
यांना वाचून दाखवला. वडगावचं नाव काढलं नाही परत.

९ नोव्हें., रवि.
पाचला आले सगळे. वै. बारीक झालीय. येताना चिवडा घेऊन आली.
तांबोला. माधुरीचा संजय आकडे ओरडत होता, हसत कुणीच नव्हतं. बदाम सात एकदाच झाला. मग वैशालीनं पत्ते ओढून घेतले. "मेंढीकोट खेळूया."
मी म्हटलं, अगं पाच जण आहोत, त्याला चौघं लागतात.
"तू चहा टाक की." आणि यांच्याकडं न बघता, "भावजी, समोर बसा. माझे भिडू तुम्ही."
बसले. दोन डाव हरले दोघं. तिसरा वाटल्यावर तिनं पानं उचललीच नाहीत.
"शेवटचं काय बोलले ते, गाडीत? तुम्हालाच म्हाईत असणार."
स्वयंपाकघराच्या दारात मी ट्रे घेऊन उभी.
हे म्हणाले, "आठवत न्हाय वैनी."
आठवतं यांना. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या मला सांगितलं होतं. दिलीप म्हणाला होता, ‘हळू घे, वैशाली वाट बघत्या.’
चहा निवला. सातच्या आत सगळे गेले.

१० नोव्हें.
सकाळी वैशालीचा मेसेज. ‘भावजींना आठवलं तर सांगू दे. काही का असेना.’
उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. पुसलं.
शेवटी फोन यांच्याच हातात दिला. वाचून म्हणाले, "रविवारी जाऊया तिच्याकडं."
सांगायला, की नुसतं बसायला, विचारायचं धाडस झालं नाही.