एका सुरात वाजणारे पाय

लातूर, १२ जानेवारी

प्रिय अंजू,

आपल्या एका कृत्रिम पायाला खरं काय काय लागलं, ते आधी सांगतो. थ्रीडी प्रिंटरचे नऊ तास, कार्बनच्या धाग्याचं एक रीळ, केवळाबाईची दुपारभराची घासाई, आणि शिवमूर्ती कंडक्टरचं खुब्याचं हाड.

औशाच्या स्टँडवर बसमधून उतरताना आपला पाय टाचेपाशी उकलला आणि शिवमूर्ती पडला. दवाखान्यात गेलो, तर तोच मला धीर देतो, "अप्पा, मोडला तो तुमचा पाय. माझा तर कवाच गेलाय!" पडल्या पडल्या हसला. मला हसता आलं नाही.

तू नांदेडला निघून गेलीस, त्या दिवशी आपलं कशावरून वाजलं ते तुला सांगायला नको. मशीन धाग्याचा थरावर थर नुसता ठेवतं, दाबत नाही, मधे हवा राहते, असं तुझं म्हणणं. नोझलमागं तापलेला रोलर बसवा, वेग निम्मा करा, प्रत्येक थर दाबून बसू द्या. मी कारागिरांसमोर म्हणालो, "तुझा रोलर निलंग्याला ने, रसवंतीवर चालेल." वर हेही ऐकवलं, की ट्रकचे कमानपाटे हातोडीनं वाजवून तडा ओळखत मी हे दुकान उभं केलं, शंभरात एक खोटा असला तरी माझा कान त्याला धरतो. सगळे लई हसले. तू जेवणाचा डबा तिथंच ठेवून गेलीस. तुझी आई तो डबा अजून कुणाला वापरू देत नाही.

शिवमूर्तीचा पाय मी नाण्यानं वाजवला होता. पंजापासून टाचेपर्यंत, दोनदा. चांगला वाजला होता, पोरी.

म्हणून त्याच मशीनवर केलेले बाकीचे सहाही पाय मी लोकांच्या घरी जाऊन काढून आणले. सहा माणसं आज कुबड्यांवर आहेत. जळकोटच्या ज्योत्स्नाबाई खुर्चीत बसून वर्ग घेतात. नवा पाय कधी, असं विचारतात. तू ये. रोलर बसव, वेग तूच ठरव. अप्पांनी मशीनला हात लावायचा नाही म्हणालीस, तर तेही कबूल.

कापायच्या आधी ते सहाही पाय मी पुन्हा वाजवले. वेगळा वाजेल तो खोटा, एवढंच माझ्या कानाला येतं. सगळे एका सुरात वाजले, शिवमूर्तीच्या पायासारखेच. मग करवत लावली. सहाच्या सहा आतून खारी बिस्किटासारखे थराथरानं सुटे निघाले.

तुझाच,
अप्पा