पाडव्याआधी आवरलेलं घर

माय, काल तुझी नात चिकलठाण्याहून रजा काढून आली आणि माझं घर आवरायला बसली. तू तिला पाहिलं नाहीस. ती जन्मली तेव्हा तुला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पाडवा आठवड्यावर आलाय आणि गारखेड्यातल्या माझ्या या तीन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. रिकामे डबे, कान तुटलेल्या कपबश्या, लग्नकार्यात मिळालेल्या पिशव्या, ह्यांचे चष्मे. ते जाऊनही आता सहा वर्षं होतील. मी काही टाकत नाही. मुलं हसतात, शेजारणी हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते. काल मात्र लेकीनं कपाटातला एक कप्पा पूर्ण रिकामा केला, ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाली, "बघ आई, किती बरं वाटतंय डोळ्यांना." ती चहा ठेवायला आत वळली तशी मी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला आणि त्या कप्प्यात कोंबला. बाहेर येऊन तिनं कप्प्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, तुला कशाची भीती वाटते गं?" आवरलेल्या घराची भीती वाटते, हे कुणाला कसं सांगावं?

गुलमंडीच्या मागच्या बोळातलं आपलं भाड्याचं घर मला अजून कोपरा न् कोपरा आठवतं. होळी झाली की तू साफसफाई काढायचीस. सगळं सामान अंगणात, भिंतींना चुना, पितळेची भांडी चिंचेनं घासून उन्हात, आणि गोधड्या धुवायला नहरीच्या हौदावर. तीन-चार दिवस घर उलटंपालटं व्हायचं आणि पाडव्याला जिथल्या तिथं यायचं. पण मी बारा वर्षांची होते त्या साली तू संक्रांत झाल्याझाल्याच पदर खोचलास. आणि त्या साली अंगणात गेलेलं सामान परत आत आलंच नाही. तांब्याचा मोठा हंडा आत्याकडे गेला. जास्तीची पातेली, पाटा, परात, तुझ्या माहेरची दोन जाजमं, एकेक करून बोळातल्या घराघरांत गेली. तू वस्तू हातात घ्यायचीस, थोडा वेळ बघायचीस आणि विचारायचीस, "हे कुणाला लागंल गं?" जणू आपल्याला लागण्याचा प्रश्नच नव्हता.

पाळणा तू शेजारच्या खालाला दिलास, तो दिवस मला डोळ्यांपुढे दिसतो. तिच्या सुनेला दिवस गेले होते. दोघींनी मिळून पाळणा उंबऱ्याबाहेर काढला आणि खाला मध्येच थांबली. "झूला कायकू देरी गे? तेरी उमर क्या हुई अभी? और एक होंगा तो?" तू हसलीस. "न्या हो खाला. जागा लई अडवतोय." खाला हसली नाही. तिनं तुझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि पाळणा घेऊन गेली. मी मात्र आनंदात होते. पाळण्याच्या जागी आता माझी अभ्यासाची चटई बसणार होती.

मग तू धाकटीला करमाडला मामाकडे पाठवलंस. तीन वर्षांची पोर, तुझा पदर धरल्याशिवाय झोपत नव्हती. मामा न्यायला आला तेव्हा ती तुझ्या मानेला बिलगून राहिली. तू तिची बोटं एकेक करून सोडवलीस. "मामीची सवय होऊ दे तिला," एवढंच म्हणालीस. दादांमधला बाप बोलला, "सवय कशाला? आठ दिवसांत आणायचीच आहे ना?" आठ दिवस गेले, महिना गेला, तिला आणायचं नाव तू काढलं नाहीस.

घर असं हलकं होत गेलं. बोललं की आवाज घुमायचा. दादा बिचारे खूश होते. कचेरीतून आले की टोपी खुंटीला लावून म्हणायचे, "वा, आता घर कसं सोन्यासारखं दिसतंय." पोलीस ॲक्शनच्या आधी ते कचेरीत उर्दूत लिहायचे, नंतर त्याच खुर्चीत बसून मराठीत लिहायला शिकले. कागद जागच्या जागी लागतात हे त्यांना सगळ्यात मोठं सुख. तू मला शाळेतून काढून घरी ठेवून घेतलंस आणि डब्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलंस. तुला लिहिता येत नव्हतं. तू सांगायचीस, मी लिहायचे: मेथ्या, ओवा, सुंठ, दादांच्या खोकल्याचा काढा. मग तू डोळे मिटायला लावायचीस आणि विचारायचीस, "साबुदाणा कुठं हाय? धाकटीची झबली? दादांच्या कागदांचा निळा बस्ता?" एकदा मला बस्ता सांगता आला नाही. तू फाडकन थोबाडीत मारलीस. त्याआधी तू मला कधी मारलं नव्हतंस. "मी नसले तर कुणाला विचारशील?" मी रडत म्हटलं, "तू कुठं चाललीस?" तुझा हात तसाच हवेत राहिला. "कुठं नाय," तू म्हणालीस. "गावाला गेले तर म्हणते मी." मग मला जवळ घेऊन तू पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागलीस.

भिंतीतल्या फडताळाचा मधला कप्पा तू रिकामा ठेवला होतास. मी तिथं माझ्या बाहुल्या मांडल्या तर तू त्या उचलून खाली ठेवल्यास. "ते मोकळं राहू दे." "कुणासाठी?" "येईल कुणी," तू म्हणालीस आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण पुसायला लागलीस. मला वाटलं, पाहुणे येणार असतील.

आणि मग न्हाणीतला तो दिवस. दुपारची वेळ, दादा कचेरीत. तू पाठ चोळायला हाक मारलीस. मी आत आले तर कोनाड्यात जुन्या धोतराच्या घड्या ठेवलेल्या. त्यांवर पिवळे-तपकिरी डाग, आणि कडुनिंबाच्या पाल्याखाली दबलेला एक वास, जो मी पुढं जन्मभर विसरले नाही. तू वळायला नको होतंस, पण तांब्या घ्यायला वळलीस. छातीच्या डाव्या बाजूची कातडी आत ओढल्यासारखी दिसली, कडेनं काळीलाल. मी किंचाळणार तोच तू ओल्या हातानं माझं मनगट धरलंस. "गळू हाय." "दुखतं का?" "नाय." "दादांना सांगू?" तुझी पकड घट्ट झाली. "सांगायचं नाय. तुझ्या मावशीला असंच झालतं. हैदराबादला नेली, कापली, आन् तिथंच गेली. पाणी पाजायला आपलं माणूस नव्हतं. मला माझ्या घरात राहायचंय. माझ्या गळ्याची आण हाय तुला." मी मान हलवली. त्यानंतर घड्या मी धुवायला लागले. तू म्हणायचीस, बरं होतंय. मी डोळ्यांनी बघत होते, बरं होत नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दादांनी विचारलं. अंगणात ते गुढीची काठी धूत होते, मी पायरीवर बसून शेवटच्या चिठ्ठ्या लिहीत होते. तू आत पुरणाची डाळ निवडत होतीस. दादांनी आवाज खाली केला. "मायला काय होतंय का गं तुझ्या? चोळ्या लई ढिल्या व्हायल्यात." मी वर पाहिलं. त्यांच्या हातातून पाणी ठिबकत होतं. ते वाट बघत होते, आणि मला अजून वाटतं, ते आतून घाबरले होते. मी म्हटलं, "नाय दादा. काम लई असतंय तिला." ते म्हणाले, "व्हय, तेबी खरंच," आणि काठी धुवायला लागले.

वैशाखात तू चुलीपुढं पडलीस. दादांनी टांग्यात घालून तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "फार उशीर केलात. दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. नक्की वाचल्या असत्या असं नाही म्हणत. पण प्रयत्न केला असता." दादांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. तुला घरी आणलं. श्रावण लागला आणि तू तुझ्या घरात, तुला हवं तसं, दादांच्या हातचं पाणी पिऊन गेलीस. बायका शोधाशोध करायला लागल्या, तर शोधावं काहीच लागलं नाही. सगळं हाताशी होतं. तुझ्या अंगावर घालायचं लुगडंसुद्धा वरच्या ट्रंकेत वेगळं ठेवलेलं, आणि त्यावर चिठ्ठी माझ्याच अक्षरातली: 'हिरवं, नवं'. पाडव्याच्या आठवड्यात तू सांगितलं होतंस आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं. खालानं ती चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली.

वर्षानं दादांनी दुसरं लग्न केलं. बाई वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं फडताळाच्या मधल्या कप्प्यात आपली लुगडी ठेवली आणि कौतुकानं म्हणाली, "घर कुणी लावलंय गं हे? माझ्यासाठीच ठेवल्यागत आहे सगळं." मी डब्यांवरच्या चिठ्ठ्या तेव्हाच खरवडून काढायला सुरुवात केली. धाकटी करमाडलाच वाढली. ती मामीला आई म्हणते. तुझा चेहरा तिला आठवत नाही.

काल संध्याकाळी हे सगळं मी लेकीला सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. ती रडली. म्हणाली, "आई, तू बारा वर्षांची होतीस. तिनं आण घातली होती. तू काय करणार होतीस?" मी मान डोलावली. दादा गेल्यापासून मी स्वतःलाही हेच सांगत आले आहे, आणि हे पत्र तुला पोचणार असतं तर बहुतेक तुलाही हेच लिहिलं असतं. पण ते वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते. दादांनी विचारलं तेव्हा मी आण पाळत नव्हते माय, आणेचा मी त्या दिवशी विचारही केला नव्हता. धाकटी गावाला गेलेली, शाळा बंद, तू दिवसभर माझ्याजवळ बसलेली, माझंच नाव घेणारी, माझ्याच अक्षराकडे बघणारी. तसे दोन महिने मला ना आधी मिळाले होते, ना पुन्हा मिळाले. दादांना कळलं तर ते तुला घेऊन जातील आणि हे सगळं संपेल, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मी 'नाय' म्हटलं.