तांब्याच्या कलशावरचं स्वस्तिक

३ मार्च २०२५
तिसऱ्यांदा तिकीट पुढे ढकललं! उल्हास म्हणतो, "बाबा, कलशावर ती खूण असली तर एअरपोर्टवर अडवतील. इथे परदेशात लोकांना हिटलर आठवतो."
आमची ही, लीलावती, जाऊन अडीच महिने झाले. अस्थी नाशिकला न्यायच्या आहेत. कलशावर स्वस्तिक मीच कोरलं, चारी खणांत ठिपके देऊन. मग उल्हासने अस्थी भरून, वर लाल फडकं बांधून आणला.

४ मार्च
चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. नवरीच्या कलशावर आधी स्वस्तिक, मग नाव. त्याच छिन्नीवर हा डॉक्टर झाला. आता बापाच्या हाताची लाज!

६ मार्च
स्वस्तिकावर टेप! खोक्यांना लावतात ती खाकी. सून म्हणते, "मला नाही हो माहीत." — खाली बघून.
ओरबाडून काढली. हिला रोजच्यासारखा कलशापुढे चहा दाखवला. म्हटलं, बघ तुझा मुलगा.

९ मार्च
नात स्वराली कॉलेजात इतिहास शिकते. फोनवर एका मडक्याचा फोटो दाखवला. "आजोबा, हे खूप जुने जर्मन लोक. इंग्लंडला आले, फिफ्टीन हंड्रेड वर्षं झाली. मेलेल्या माणसाची राख अशा मडक्यात ठेवायचे. अँड लुक — तुमचं साइन!"
खरंच! ठिपके नाहीत, एक हात आखूड, पण तेच. मी सातवी पास. मला वाटायचं हे फक्त आपलंच.
"का काढायचे गं?"
"नक्की कोणालाच माहीत नाही."
कोणीतरी बायकोसाठी काढलं असेल. हात थरथरला, म्हणून आखूड.
एअरपोर्टवर दाखवायला ती इंग्रजीत कागद लिहून देणार आहे. "इट विल बी ग्रँड, आजोबा!"

१० मार्च
कागद उल्हाससमोर ठेवला. आता काढ तिकीट! त्याने वाचला, घडी घातली. "बघू." चेहरा पांढरा पडला होता. एवढा कशाला घाबरतो?

१२ मार्च
उल्हास रडला. कलशात वाळू आहे. इथल्याच डोनाबेटच्या समुद्रावरची. अस्थी त्याने डिसेंबरातच तिथे सोडल्या. "आईनेच सांगितलं होतं, बाबा. नाशिकला नको, मुलांजवळ ठेव. ह्यांना सांगू नकोस, ऐकायचे नाहीत."
खुणेचं नुसतं निमित्त.
ऐकलं नसतं, हे खरं. पण रोज सकाळी मी वाळूला चहा दाखवत होतो — आणि मुलगा-सून, दोघं बघत होती.