मिलियाआत्याचं कोकरू

तैबे,
८ मे १९९४

चि. नखले यास,
मिलियाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काय रे बाबा, तब्येत बरी आहे ना? तुमच्या चर्चच्या यात्रेकरूंची बस कळवल्याप्रमाणे शुक्रवारी आली, पण तू काही दिसला नाहीस. मी आपलं म्हटलं, जेरुसलेमच्या हॉटेलात पोट बिघडून पडला असेल. लहानपणीही नको ते खाऊन तू असाच आडवा व्हायचास. तुझा बाप सालेम तरी कुठे वेगळा होता!

तुम्ही सगळे चिलीला निघालात तेव्हा तू एवढासा होतास. संत खदरच्या पडक्या देवळात मी तेव्हाच नवस बोलले होते, की पोर एकदा परत येऊन ह्या भिंतींत उभं राहू दे, कोकरू देईन. तू येणार म्हणून ते शुक्रवारी दिलं. रक्तात हात बुडवून मी दारावर क्रूस काढत होते, तेवढ्यात तुमची मंडळी वर चढली. एक बाई तर नाकाला रुमाल लावून उभी! मला हसूच आलं. प्रभू आपल्या ह्या तैबेत शिष्यांसह लपून राहिला, तेव्हा त्याला काय पालेभाजी वाढली असेल?

तुझ्यासाठी द्राक्षपानांच्या गुंडाळ्या केल्या होत्या, त्या शेजाऱ्यांनी संपवल्या. नवसाचं मटण आपण खायचं नसतंच, ते घरोघर वाटलं. तब्येतीचं कळव, जिवाला घोर लागला आहे.

लोभ आहे तो तसाच असू दे.
तुझी,
मिलियाआत्या

सान्तियागो,
२ जून १९९४

ती. मिलियाआत्यास,
नखलेचा प्रभूत सलाम. वि. वि.

माझं पोट बिघडलं नव्हतं. मी आलो होतो, आत्या. टोपी डोळ्यांवर ओढून गर्दीच्या मागे उभा होतो.

टेकडी चढेपर्यंत मी फार आनंदात होतो. छप्पर नसलेलं ते देऊळ, वर उघडं आभाळ, पलीकडे यार्देन नदीकडे उतरत गेलेले उजाड डोंगर. मरणाआधी प्रभू इथे येऊन राहिला आणि हे माझं गाव, हेच मनात घोळवत होतो. शुभवर्तमानातला तो उतारा वाचायला फादरनी मलाच सांगितलं होतं. मग तू दिसलीस. कोपरापर्यंत रक्त, आणि मोठमोठ्यानं खदरला हाका मारत होतीस. ती रुमालवाली बाई माझी होणारी सासू. तिनं विचारलं की ही तुझी माणसं का. मी म्हटलं, छे, आमचे लोक बेथलेहेमचे. चिलीतले आपले लोक बहुतेक तिकडचेच, तिला लगेच पटलं. मग पुढे होऊन मी शुभवर्तमान वाचलं. वाचलंही छान. लोकांनी येऊन माझे हात हातात घेतले. नंतर सगळे टेकडी उतरेपर्यंत मी बसमध्ये जाऊन बसलो.

पेत्रानं प्रभूला ओळखत नाही म्हटलं, ते निदान जिवाच्या भीतीनं. मला भीती कसली, तर सासूच्या नाकाची! फार लाज वाटते, आत्या. प्रार्थनेला बसलो की मला माझाच आवाज ऐकवत नाही. तू मला ओळखलं नाहीस हे वाचून आधी हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची तर त्याहून लाज वाटली.

शिव्या घाल, पण दोन ओळी लिही. मायेवर हक्क सांगायचं तोंड राहिलं नाही.
तुझा,
नखले

तैबे,
२७ जून १९९४

चि. नखले यास,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

शिव्या घालायलाच बसले होते, पण आधी माझं ऐक. टोपी ओढून काय होतंय? चढावर डावा खांदा पुढे टाकत चालायची सालेमची चाल तुझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. तू खालच्या वळणावर होतास तेव्हाच मी ओळखलं. खदरला ओरडून तेच सांगत होते, की आला बाबा, माझा पोरगा आला.

मग तू तोंड फिरवलंस. मी हात ओढणीखाली घेतले. जन्मात कधी ह्या हातांची लाज वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. राग अजून पुरता गेलेला नाही, हे खोटं कशाला सांगू? तू वाचलंस ते मी भिंतीआड उभी राहून ऐकलं. तिकडची बोली मला कळली नाही, पण आवाज आपल्या घरचा होता. तुला तोंड लपवायला जागा राहावी म्हणून मी पोटदुखीचं लिहिलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शेजारच्या बायकांनी विचारलं की ह्यांतला तुझा भाचा कोणता. तू पाठ करून उभा. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून मी म्हटलं, ह्यात आमचं कुणी नाही. नवस फिटत होता त्याच दारात मी हे बोलले, हातावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. तेव्हा पेत्र काही तू एकटाच नाहीस.

आता गावभर झालंय, की मिलियाचं कोकरू फुकट गेलं, खदरनं तिचं ऐकलं नाही. ऐकलं रे त्यानं! पण मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्यापायी संत खोटा ठरला. सासूला आण, नाहीतर नको आणू. पण तू ये, आणि चार लोकांसमोर मला खोटी पाड.

माया आहेच, ती कुठे जाते.
तुझी,
मिलियाआत्या