वर्गातली झोळी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना. इंदापुरात आम्हा मुख्याध्यापकांची बैठक होती. ऊसतोडीची पोरं शाळेत कशी टिकवायची, यावर दिवसभर चर्चा. दप्तरं द्या, गणवेश द्या, पालकांना समजावा. मी विचारलं, "त्यांच्यातल्या पोरीच्या कडेवर कोण असतं, ते कुणी बघितलंय का?" सगळे हसले. मला आधी राग आला आणि मग तुमची आठवण.

नव्वदनंतरचा तो हंगाम. आम्ही बीडकडून ऊस तोडायला आलो होतो, शेळगावच्या रस्त्याला उसाच्या पाचटाच्या झोपड्या, आमच्या कोप्या होत्या. आईबाप उजाडायच्या आत फडात जायचे आणि धाकटा भाऊ दिवसभर माझ्या कडेवर. एका संध्याकाळी तुम्ही कोपीच्या दाराशी वाकून आईला म्हणालात, "पोरीला शाळंत पाठवा." आई म्हणाली, "मग तान्ह्याला कुणी बघायचं, बाई?" तुम्ही म्हणालात, "त्यालाबी पाठवा की!" आई तोंडाला पदर लावून हसली. तिला वाटलं, थट्टा करताय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःचं जुनं लुगडं वर्गाच्या तुळईला बांधलंत. झोळीचा दोर तुमच्या एका हातात, दुसऱ्या हातात खडू. झोळीतले आमचे धाकटे साहेब पाढ्यांच्या सुरावर झोपायचे आणि पाढे थांबले की भोकाड पसरायचे. त्यामुळे वर्गाला एकोणतीसपर्यंत पाढे तोंडपाठ झाले. पाळण्यात ऐकलेल्या त्या पाढ्यांपैकी त्याला मात्र एकही येत नाही, बारामतीत ट्रॅक्टर दुरुस्त करतो आता.

मोठे सर आले तो दिवस मला अजून दिसतो. सर दारात उभे आहेत आणि मी घाबरून भावाला उचलायला धावतेय. "बाई, ही शाळा हाय का पाळणाघर? तपासणीला साहेब आलं तर काय सांगू?" तुम्ही दोर सोडला नाहीत. "झोळी काढते, सर. पण मग ही पोरगी जाईल. तिला कशानं बांधू, तेवढं सांगा." सर तसेच माघारी गेले. सकाळी नवा दोर घेऊन आले. "ह्यो जुना तुटंल एखाद्या दिवशी," म्हणाले, आणि स्वतः स्टुलावर चढून बांधला.

तुम्ही मला एकदाच रागावलात. भाऊ रडला की मी गणित टाकून उठायचे. तुम्ही पाटीवर बोट आपटलंत. "बस खाली! त्याला बघायचं काम आता माझं हाय. तुझं काम ह्ये." मी पाटीत डोकं घालून रडले. माझं काही वेगळं काम असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रागावण्यावर मी आजही जीव टाकते.

हे पत्र कुठं पाठवणार, घडी घालून कपाटात ठेवीन. परवा एका सत्कारात मला विचारलं, शिक्षणाची गोडी कशी लागली? मी तुमच्याबद्दल बोलले, टाळ्या पडल्या. खरं काय ते तुम्हालाच सांगते. गोडीबिडी नंतर लागली, बाई. तेव्हा माझे हात फार दुखायचे, म्हणून मी शाळेत येत होते.