हिच्या गाण्याचं भरतकाम

२ मार्च
ठरलं. बायकोच्या वाढदिवसाला यंदा दुकानातली भेट नाही. ही ओट्याशी गुणगुणते, ते गाणं कापडावर भरायचं. आवाजाचा आलेख फोनवर मिळतो. आवाज मोठा तिथं रेघ उंच. ती सुईदोऱ्यानं भरली की झालं. लोकांना सुचत नाही, इतकंच.

५ मार्च
लेकीचा फोन डब्यांमागे दडवून सकाळभर रेकॉर्डिंग. हिला पत्ता नाही. लेकीनं आलेख प्रिंट करून दिला. म्हणाली, बाबा, आधी एकदा ऐका तरी. म्हटलं, तुझ्या आईचा आवाज मला पाठ आहे! बारीक लहरी, मध्येच उंच सुळके. ताना.

९ मार्च
बोटात सुई घुसली. हाताला विश्रांती आवश्यक.

१० मार्च
विश्रांती.

१६ मार्च, दुपार
लहरींना फिकट निळा दोरा. फार किचकट. डोळे दुखतात. म्हणून काही लहरी गाळल्या. बघणाऱ्याचं लक्ष सुळक्यांकडेच जाणार. ते लाल, दुहेरी दोऱ्यानं. अप्रतिम!

२१ मार्च
मेहुणी आली होती. म्हणाली, ताई लग्नाआधी कशी मोकळ्या गळ्यानं गायची! मी तिला गुपचूप लाल सुळके दाखवले. तिनं पर्स उचलली, निघते म्हणाली. भारावली असावी.

२८ मार्च, सकाळ
काल वाढदिवस झाला. लिहू नये असं वाटतंय.

फ्रेम भिंतीवर. पाहुणे जमलेले. मी पट्टी घेऊन एकेक तान समजावली. शेवटी रेघ सपाट होते, त्याला चक्क समाधी म्हणालो. मग रेकॉर्डिंग लावायची हौसही माझीच.

हिचं गुणगुणणं सुरू झालं. किती गोड. मग पहिला सुळका: “अगं, टॉवेल कुठाय?”

गुणगुणणं थांबलं. पुन्हा सुरू झालं, जरा हळू. दुसरा सुळका: “बेल वाजतेय, ऐकू येत नाही का?”

साडू हसला. मीही हसलो. स्पीकरचं बटण सापडेना.

सगळ्यात उंच सुळका, माझा सगळ्यात लाडका: “जरा गप्प बसशील का? फोनवर बोलतोय मी!”

त्यापुढे फक्त नळाचा आवाज. मग तोही नाही.

कुणी हसलं नाही. ही फ्रेमजवळ गेली, नीट बघितलं आणि म्हणाली, “टाके छान एकसारखे आलेत हं.” टोमणा असता तर बरं झालं असतं.

३० मार्च
नवा संकल्प. हाक मारायची नाही.

सकाळी हॉलमध्ये कान देऊन बसलो. पेपरसुद्धा उघडला नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, गाणं नव्हतं. बराच वेळ गेला. शेवटी हीच हात पुसत बाहेर आली. “अहो, गप्प का? काही हवंय का?”

तू गा ना, म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो.

तोंडातून निघालं, “पाणी.”

तिनं आणून दिलं.