मार्गेडची भट्टी कोणी पेटवली त्याबद्दल

मी, नेस्टा प्रोबर्ट, वय बावन्न, खाणकामगार ग्रिफ प्रोबर्टची विधवा, राहणार चॅपलच्या मागे, नान्तग्रिग, वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, बिघडलंय ते पोट, आणि ते सोमवारी फाडणार आहेत. कोणी धाक दाखवलेला नाही. वकील म्हणाले, "भाषा नीट करून देतो." मी म्हटलं, "राहू द्या. मरणार मी, भाषा माझीच असू दे." याआधी मी असलं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

एक. राहतं घर बहिणीची मुलगी मॉरविद हिला. बहीण केनवेन हिला नाही. आई गार व्हायच्या आत तिने आईचं कपाट हातगाडीवर घालून नेलं. ते तिलाच लखलाभ. त्याच्या मागच्या फळीला वाळवी आहे, ते मी तेव्हा सांगितलं नाही.

दोन. पोस्टात आहे त्यातून मला पुरावं, उरेल ते मॉरविदचं. पुरून आल्यावर लोकांना हॅम द्यावं. पातळ कापू नये.

तीन. लोखंडी तवा, चहाची मोठी किटली आणि फुटायचे राहिलेले कप आमच्या रेल्वेच्या चहाच्या खोलीला. बारा वर्षं तिथे मी फुकट राबले, तसे सगळेच फुकट राबले. खाण बंद पडली, रूळ गवतात गेले, आणि पंचावन्न साली खाणीची ही रेल्वे हौसेखातर पुन्हा चालवायला बर्मिंगहॅमहून हे लोक आले. कोणी बँकेतला, कोणी दातांचा डॉक्टर. शनिवार-रविवार रूळ खांद्यावर घ्यायचे आणि सोमवारी कंबर धरून कामावर जायचे. गाव हसायचं. त्यांचे सेक्रेटरी क्रॉफ्ट मास्तर पुस्तकं वाचून इंजिन शिकलेले. खरं इंजिन एकट्या इद्वाल बेवनना यायचं, खाणीच्या दिवसांपासून. आमचं एकुलतं इंजिन मार्गेड त्यांच्याच हाताने पुन्हा उभं राहिलं. बाईने इंजिनाचं पितळ पुसायचं, बाकी हात लावायचा नाही, असा नियम होता.

चार. हे कलम लिहायलाच मी बसले आहे.

छप्पन सालच्या मे महिन्यातला सुट्टीचा शनिवार. पहिल्यांदाच दोन बस भरून माणसं येणार होती. भट्टी सहाला पेटली तर दहाला वाफ होते. आदल्या संध्याकाळी भट्टीत लाकडं, चिंध्या रचून ठेवायची आणि सकाळी नुसती काडी लावायची, अशी पद्धत होती. इद्वालनी लाकडं रचली होती, पण बॉयलर धुतलेला होता आणि पाणी ते सकाळी भरणार होते. हे मला माहीत नव्हतं.

सव्वासहा झाले, साडेसहा झाले, इद्वालचा पत्ता नाही. मला वाट बघणं जमत नाही, कधीच जमलं नाही. शंभरदा पाहिलं होतं, त्यात काय मोठंसं! मी इंजिनावर चढले. पाणी दाखवणारी काचेची नळी पाहिली. ती काठोकाठ भरली असली आणि पार रिकामी असली तरी दिसते सारखीच. पाण्याची रेघ मध्ये कुठे असेल तरच कळतं. रेघ नव्हती. जाणता माणूस नळीखालची तोटी उघडून पाणी येतं का ते पाहतो. मी म्हटलं, भरलेली आहे. काडी लावली आणि केक भाजायला निघून गेले.

इद्वाल सातनंतर धावत आले. बायको ॲनीला पहाटेपासून दम्याने श्वास घेता येत नव्हता. त्यांनी फावड्याने जळती लाकडं बाहेर ओढली, दोन्ही तळहात भाजले. तोवर वर पाणी नसल्यामुळे भट्टीचं छत लाल होऊन खाली झुकलं होतं. मार्गेड दोन उन्हाळे न चालता नुसती उभी राहिली आणि रेल्वे बंद पडता पडता वाचली.

कमिटी बसली. इद्वाल म्हणाले, "मी पेटवली नाही."

मास्तर म्हणाले, "मग काय आपोआप पेटली? उशीर झाला, घाई केलीत, पाणी विसरलात. चूक होते हो, पण खोटं कशाला?" मग माझ्याकडे वळले. "मिसेस प्रोबर्ट, तुम्ही लवकर आला होतात. शेडमध्ये कोणी दिसलं?"

मी म्हटलं, "मी चहाच्या खोलीत होते."

एवढंच. इद्वालना इंजिनावरून काढलं. त्यानंतर ते शेडमध्ये कधी आले नाहीत. चॅपलमध्ये माझ्यापुढच्या बाकावर बसायचे आणि मी त्यांच्या मानेकडे बघत भजनं म्हणायचे.

पाच. वरील कारणाने माझं घर मॉरविदला न देता इद्वालना द्यावं, असं मी काल लिहिलं होतं. ते खोडलं आहे. कारण सांगते.

आज सकाळी सही करायला क्रॉफ्ट मास्तरांना बोलावलं. ते म्हणाले, "साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते."

"तुम्ही वाचा."

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "हे... तुमच्या पश्चात उघडायचं?"

"मेल्यावर कबूल करायला हिंमत लागते का? आत्ता चला माझ्याबरोबर."

इद्वाल अंगणात बटाटे काढत होते. कागद त्यांनी उभ्याने वाचला, सावकाश, बोट फिरवत. मास्तर म्हणाले, "बेवन, कमिटीचा ठराव मी आजच रद्द करायला लावतो. तुम्ही इंजिनावर परत या. माझी फार मोठी चूक झाली."

"यायचं की नाही ते मी बघेन." मग माझ्याकडे पाहिलं. "घर नको मला. माझ्याकडे घर आहे."

मी म्हटलं, "मग काय देऊ?"

"ॲनीला वाटायचं तिच्यामुळे झालं. तिच्यासाठी थांबलो, म्हणून घाईत पेटवली, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून नाही म्हणतोय, असंच ती धरून बसली. मरेपर्यंत माझी माफी मागत होती. तू तिच्या उशाशी बसायचीस, नेस्टा. सूप घेऊन यायचीस."

"हो."

"तिला सांग जाऊन."

सहा. म्हणून दुपारी तीन वाजता मी ॲनी बेवनच्या थडग्यापाशी उभी राहून चौथं कलम पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. इद्वाल फाटकापाशी टोपी घालून उभे होते. वाचून संपल्यावर मी वळले, तर ते म्हणाले, "सूपचं राहिलं." ते मी कागद न बघता सांगितलं. तेव्हा त्यांनी टोपी काढली, ॲनीसाठी. मग घरी गेले.

सात. चौथ्या कलमाची नक्कल मास्तरांनी शेडच्या दारावर लावली आहे. मी ऑपरेशनातून उठले तरी ती काढू नये. इद्वालनी मला माफ केलेलं नाही. माझ्यामागे कोणी त्यांच्याकडे त्यासाठी रदबदली करू नये.

वरचं सगळं माझं आहे. खाडाखोडीसकट वाचून, दोघांच्या देखत सही केली.

नेस्टा प्रोबर्ट

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो व तिच्या समोर सह्या केल्या:
पेलम क्रॉफ्ट, निवृत्त शिक्षक
टेकविन ओवेन, चॅपलचे पाद्री

नान्तग्रिग, शनिवार, १४ ऑक्टोबर १९६७